दुसरी वही

मृग बहार सरत आला होता तेव्हा
कळमन्याच्या यार्डात, पत्र्याखाली,
मी फळ्यावर चौकोन काढत होते.
एक लिलावाचा, एक वजनकाट्याचा, एक पावत्यांचा,
आणि प्रत्येकावर बोट ठेवून तेच विचारत होते:
हा पडला तर?

मागे प्लास्टिकच्या खुर्चीत परसराम बावनथडे,
बत्तीस वर्षांचे मुनीम.
खिशाला दोन पेनं.
मी पाहतेय म्हटल्यावर म्हणाले,
"एक दगा देते ना, पोरी."

वीज जाते, म्हणून जनरेटर.
डिझेल संपतं, म्हणून भरलेला कॅन, कुलपात.
कुलपाची किल्ली नामदेवकडे,
आणि नामदेव साळीच्या हळदीला काटोलला,
म्हणून किल्ल्याही दोन केल्या.
दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या.

त्या खिळ्याकडे मी बराच वेळ पाहत बसले.

अडत्यांचं म्हणणं, मशीन मोठं घ्या, झालं.
रोजच्या चाळीस गाड्या,
भर हंगामात चारशे, त्याही सगळ्या पहाटे,
सगळ्यांना पहिला नंबर.
मी यार्डातल्या हमालाकडे बोट दाखवलं:
डोक्यावर पाच क्रेट चालतात,
सहाव्याला मान जाते.
तिथे आणखी दणकट मान शोधत नाहीत,
दुसऱ्या हमालाला हाक मारतात.
"अन् दोघाईचा हिशेब एकच पाह्यजे,"
परसरामभाऊ चष्मा पुसत बोलले,
"नाहीतं एकच क्रेट दोनदा मोजतेत."

नेमकं हेच मी परसोडीच्या काचेच्या ऑफिसात
सत्तावीस स्लाइड लावून सांगितलं होतं.

"भाऊ, वही जळली तर?"
"जळली ना. दिवाळीत. मी होतो."
तेव्हापासून दुसरी वही घरी, उमरेड रोडला.
रोज रात्री जेवण झालं की उतरवायची.
"मंग घरची वही कालपर्यंत खरी.
आजचं अजून इथंच हाये, उघड्यावर."

उघड्यावर. हा शब्द मला आधी सुचला नव्हता.

मग त्यांनीच विचारलं,
"दोन वह्या येगयं येगयं बोलल्या तं?
कोनती खरी मानाची?"
मी म्हटलं, म्हणून तिसरी ठेवतोय.
एक इथे, एक परसोडीला, एक अमरावतीला.
दोघी ज्याला हो म्हणतील ते खरं,
एकटी पडलेली गप्प बसेल, लिहिणार नाही.
"म्हंजे पंच."
"पंचच."
"मंग सोपं हाये. फक्त एकाच घरचे पंच नोको."

तीन दिवसांनी, पहाटे साडेपाच,
लिलाव ऐन रंगात असताना
मी स्वतःच्या हाताने
कळमन्याच्या मशीनची केबल उपसली.
वरिष्ठांची परवानगी खिशात होती,
तरी हात थरथरला.
समोर कुणाची तरी वर्षभराची संत्री
पिवळ्या बल्बखाली ओतलेली,
आणि बोली चाललेली: आठशे दहा, आठशे दहा,
आठशे

स्क्रीन थांबली.

एक.
दोन.

वीस.
पावती सरसरत बाहेर आली.
नाव बरोबर, वजन बरोबर,
भाव ओरडला गेला तोच.
ढिगाभोवती कुणी मान वळवली नाही.
चहावाल्याने बशा गोळा केल्या,
एक ट्रक उलटा येत राहिला, "आनदे, आनदे".
वर्षभराच्या कामाचं हे एवढंच बक्षीस,
की कुणाला काही कळलं नाही.

फक्त पलीकडे परसरामभाऊ
चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते,
दुसऱ्या पेनाचं टोपण हातात.
ते त्यांनी सावकाश परत बसवलं.

मी केबल जोडली.
मागे राहिलेलं मशीन
इतर दोघींना विचारत विचारत
चुकलेल्या ओळी उतरवू लागलं.
बाहेर निघताना कुलपापाशी पाहिलं,
खिळ्याला एकच किल्ली होती.